बायोकेमिस्ट्री : पेशी, प्रथिनं, एन्झाइम्स आणि जीवनसत्त्वं एकत्र कशी वाचायची?

तुझा प्रश्न थोडक्यात असा : पहिल्या वर्षाला आहेस, पेशी, प्रथिनं, एन्झाइम्स आणि जीवनसत्त्वं हे चारही धडे दोनदा वाचून झालेत, ‘बी-1 कमी पडलं की बेरीबेरी’ हे तोंडपाठ आहे, पण तोंडी परीक्षेत कोणी ‘का?’ विचारलं की गाडी अडते. शिवाय केएम म्हणजे नेमकं काय, ते आलेख बघूनही डोक्यात शिरत नाही. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतेय आणि दरवर्षी हुशार मुलं इथेच अडकताना बघते. यादी तिसऱ्यांदा पाठ करू नकोस. एकच क्रिया घे आणि तिला विचार : तू पेशीत कुठे होतेस, तुला कोण घडवतं, त्याला मदत कोणाची लागते, आणि तू अडलीस तर मागे काय साचतं?

पायरुव्हेटपासून सुरुवात कर. ग्लुकोज पेशीद्रवात मोडतं आणि एकाचे दोन पायरुव्हेट होतात. ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरतात. तिथे मॅट्रिक्समध्ये (त्याच्या सर्वांत आतल्या द्रवात) पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज नावाचा भलामोठा एन्झाइम-समूह त्यांचं असेटिल-कोए करतो. पण नुसत्या प्रथिनाला हे काम जमत नाही. त्याला पाच को-एन्झाइम्स, म्हणजे मदतनीस रेणू, लागतात : थायमिन पायरोफॉस्फेट, लिपोइक आम्ल, कोए (को-एन्झाइम ए), एफएडी आणि एनएडी. लिपोइक आम्ल शरीर स्वतः तयार करतं. बाकीची चार बी-1, बी-5, बी-2 आणि बी-3 या जीवनसत्त्वांपासून बनतात. चार वेगवेगळ्या पानांवरून पाठ केलेली ही नावं इथे एकाच कामाला जुंपलेली आहेत. हे चित्र स्वतःच्या हाताने काढ, पुस्तकातलं बघून समाधान मानू नकोस.

आता त्यातून थायमिन, म्हणजेच बी-1, काढून घे. शरीरातला त्याचा साठा 30 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पुरवठा थांबला तर दोन-तीन आठवड्यांत संपणारा. पायरुव्हेट पुढे सरकत नाही, त्याचं लॅक्टेट होऊ लागतं. पुढे क्रेब चक्रात अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेजलाही नेमकी हीच पाच मदतनीस लागतात, म्हणजे तिथेही खोळंबा. एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, घटतं. याची झळ आधी कोणाला लागणार? ज्यांना क्षणभरही ऊर्जेवाचून चालत नाही त्यांना. म्हणून बेरीबेरीत नसा आणि हृदय, आणि वेर्निकच्या आजारात मेंदू : रुग्ण गोंधळलेला, डोळ्यांची हालचाल बिघडलेली, चालताना तोल जाणारा. ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी 1930च्या दशकात थायमिनपासून वंचित ठेवलेल्या कबुतरांच्या मेंदूत लॅक्टेट वाढलेलं पाहिलं. त्याच मेंदूच्या ऊतीत काचपात्रात थायमिन मिसळलं, तर तिचा ऑक्सिजनचा वापर सुधारला. पेशीची रचना मोडण्याआधीच तिचं रसायन बिघडतं, हे त्यातून दिसलं. मला स्वतःला हा प्रयोग या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

वॉर्डातला एक नियमही इथूनच येतो. बरेच दिवस नीट न जेवलेल्या किंवा वर्षानुवर्षं दारू घेणाऱ्या रुग्णाला नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं आणि वेर्निक उफाळू शकतो. म्हणून थायमिन आधी किंवा ग्लुकोजबरोबरच द्यायचं. ‘का?’ला हेच उत्तर हवं असतं.

केएमसाठी आलेख जरा बाजूला ठेव. मायकेलिस आणि मेंटेन यांनी 1913 साली मांडलेली ही कल्पना साधी आहे : एन्झाइमचा वेग कमालीच्या निम्मा होतो तेव्हा सबस्ट्रेटची (एन्झाइम ज्यावर काम करतो त्या पदार्थाची) जी संहती असते ती केएम. आता दोन भावंडं बघ. हेक्सोकायनेज आणि ग्लुकोकायनेज दोघंही ग्लुकोजला फॉस्फेट लावतात. मेंदूतल्या हेक्सोकायनेजचा केएम सुमारे 0.1 मिलिमोलर किंवा त्याहूनही कमी, यकृतातल्या ग्लुकोकायनेजचा निम्म्या वेगाचा आकडा 8 मिलिमोलरच्या आसपास. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज साधारण 5 मिलिमोलर, म्हणजे 90 मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. तेव्हा जेवलं काय, न जेवलं काय, मेंदूचा एन्झाइम जवळजवळ पूर्ण वेगाने चालतो. यकृताचा मात्र जेवणानंतर साखर चढली की वेग घेतो आणि उतरली की मंदावतो. उपाशी माणसाच्या यकृताने मेंदूचा घास पळवू नये, ही सोय त्या दोन आकड्यांमध्ये आहे. (ग्लुकोकायनेजचा आलेख खरं तर एस-आकाराचा असतो, म्हणून काटेकोर परीक्षक तिथे ‘केएम’ हा शब्द खपवून घेत नाहीत.)

स्पर्धात्मक अवरोध, म्हणजे एन्झाइमवरच्या एकाच जागेसाठी दोन रेणूंची चढाओढ, मिथेनॉलच्या विषबाधेवरून लक्षात ठेव. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज मिथेनॉलपासून फॉर्माल्डिहाइड करतं, त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं आणि दृष्टी जाते. फोमेपिझोल हे औषध अल्कोहोल डिहायड्रोजिनेजला अडवतं. ते नसेल तर इथेनॉल देतात, कारण एन्झाइमची त्याच्याशी जवळीक कितीतरी जास्त. जागा इथेनॉलने अडवली की मिथेनॉल न बदलता बाहेर पडायला वेळ मिळतो.

एन्झाइम हे प्रथिन आहे, हे मात्र प्रॅक्टिकललाच पटतं. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब मांडून दर मिनिटाला लाळ आणि स्टार्चच्या मिश्रणाचा एकेक थेंब टाकतो ना, तेव्हा निळा, मग जांभळट, मग तांबूस आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा रंग दिसतो. लाळ आधी उकळलेली असेल तर शेवटच्या थेंबापर्यंत निळाच. अमिनो आम्लांची साखळी उष्णतेने तुटलेली नसते, फक्त तिची घडी उलगडलेली असते. काम त्या घडीत होतं.

आता एक प्रश्न, जो मी तोंडी परीक्षेत हटकून विचारते. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, म्हणजे पायरुव्हेट डिहायड्रोजिनेजही नाही. मग थायमिनची कमतरता ओळखायला तांबड्या पेशीच का घेतात? कारण पेशीद्रवातल्या एचएमपी (हेक्सोज मोनोफॉस्फेट) मार्गातल्या ट्रान्सकीटोलेज या एन्झाइमलाही थायमिन पायरोफॉस्फेटच लागतं. फोडलेल्या पेशींमध्ये त्याचा वेग मोजतात, मग वरून थायमिन पायरोफॉस्फेट घालून पुन्हा मोजतात. वेग फारसा वाढला नाही तर साठा पुरेसा होता. चांगलाच वाढला, तर एन्झाइम मदतनिसाविना रिकामा बसला होता.