घराचा हप्ता आणि लेकीचा रोल

‘मावशी, आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. अकरा वर्षांच्या लेकीला एका वेबसिरीजमध्ये बऱ्यापैकी मोठा रोल मिळतोय. नवरा म्हणतो, हॉलिवूडची पोरं पुढे वाया जातात. ‘होम अलोन’मधल्या मॅकॉले कल्किनचं बघ. सेटवर पालक लागतो म्हणून मी नोकरी सोडणार आहे. थोडे दिवस घराचा हप्ता तिच्या मानधनातून जाईल. ऑडिशनच्या दिवशी तिचं पोट दुखतं, पण काम मिळालं की खूश असते. काय करू?’
– एक आई

अगं, सगळीच कुठे वाया जातात? तीसच्या दशकातली लाडकी बालतारका शर्ली टेंपल पुढे घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली. ‘इंडियाना जोन्स’मधला छोटा की ह्वी क्वान मोठेपणी काम मिळेना म्हणून कॅमेऱ्यामागे गेला, परत आला आणि २०२३ साली ऑस्कर घेतलं. माझा लाडका मात्र पीटर ऑस्ट्रम. १९७१ च्या ‘विली वोंका’तला चार्ली. तीन सिनेमांचा करार समोर आला, तर हा नको म्हणाला आणि पुढे गाईगुरांचा डॉक्टर झाला. कल्किनने चौदाव्या वर्षी काम थांबवलं, तेव्हा त्याच्या ताब्यावरून आईबाप कोर्टात भांडत होते. नवऱ्याला हेही सांग.

मी अडखळले ते तुझ्या हप्त्याच्या वाक्यापाशी.

चॅप्लिनच्या ‘द किड’मधला (१९२१) जॅकी कूगन आठवतोय? त्या पोराने तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असतील, असा अंदाज आहे. १९३५ मध्ये वडील अपघातात गेले. आईने पुढे पैशांचा कारभार बघणाऱ्या माणसाशीच लग्न केलं. एकविशी उलटल्यावर जॅकीने आपले पैसे मागितले, तर उत्तर आलं: तुझं काही नाही. तेव्हाच्या कायद्याने अल्पवयीन मुलाची कमाई आईबापांचीच होती. १९३८ मध्ये त्याने सख्ख्या आईवर दावा लावला आणि हाती जेमतेम सव्वा लाख पडले. त्यातून १९३९ चा कूगन कायदा झाला, पण पळवाटा ठेवून. शर्ली टेंपलने मोठेपणी हिशेब बघितला, तेव्हा बत्तीस लाखांतले चव्वेचाळीस हजार उरले होते. आता कॅलिफोर्नियात कमाई मुलाच्याच मालकीची असते आणि किमान १५ टक्के ट्रस्टच्या खात्यात टाकावेच लागतात. ‘किमान’ बरं का. एजंटचं कमिशन आणि कर वजा जाता उरेल ते सगळं तिच्या नावावर टाकायला तुला कोण अडवतंय?

हे मी फक्त पैशासाठी म्हणत नाही. लहानपणापासून टीव्हीवर काम केलेल्या जेनेट मॅकर्डीने २०२२ च्या आत्मकथनात लिहिलंय, अभिनयाची हौस आईची होती आणि घर पोरीच्या कमाईवर चालायचं. एकदा धीर करून ती ‘मला नाही करायचं’ म्हणाली, तर आईने रडून आकांत मांडला. पोरीने लगेच शब्द मागे घेतला. तुझ्या लेकीला हप्त्याचं कळणारच. अकरा वर्षांची मुलं दाराआडचं सगळं ऐकतात. मग ती पोटदुखीसुद्धा लपवायला लागेल.

म्हणून नोकरी सोडू नकोस. बिनपगारी रजा मिळते का बघ. तिच्या पैशाशिवाय हप्ता भागत नसेल, तर हा रोल सोडून दे, मी स्पष्टच सांगते. भागत असेल तर खुशाल करू दे. तिच्या वयाला सेटवर जास्तीत जास्त नऊ तास: पाच कामाचे, तीन अभ्यासाचे, एक विश्रांतीचा. अभ्यासाला स्टुडिओ टीचर असतो. सही करण्याआधी करार किती सीझनचा आहे, मधेच सोडता येतो का, हे वकिलाकडून नीट समजून घे. कामाचं परमिट सहा महिन्यांचं असतं. दर वेळी नवं काढण्याआधी तिला विचार, आणि ‘नको’ म्हणाली तर कारण मागू नकोस. पोटदुखीसाठी आधी डॉक्टरांना दाखव, मगच ‘नाटक करते’ म्हण.

आणि सेटवर तूच बसलं पाहिजेस असं कुठे आहे? एवढी भीती वाटतेय ना नवऱ्याला, पहिल्या आठवड्यात रजा काढून त्यालाच बसव.

– मावशी