'संस्कृतीचा' की 'संस्कृतींचा'?

नागपूरच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या प्रबंधाचं शीर्षक होतं 'विदर्भातील आदिवासी संस्कृतींचा अभ्यास'. मुद्रितशोधकाने 'तीं'वरचा अनुस्वार उडवला. संस्कृती एकच असते, तिचं अनेकवचन होत नाही, असं त्याचं म्हणणं. बरोबर कोण?

तुम्ही बरोबर आहात. अनुस्वार ठेवाच.

व्याकरण दोन ओळींत आटोपतं. 'कृती', 'स्मृती' यांच्यासारखाच हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात तसाच राहतो. 'ही संस्कृती आहे', 'या संस्कृती आहेत'. फरक क्रियापदात कळतो. विभक्तीचा प्रत्यय लागला की मात्र अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार यायलाच हवा. 'मुलांचा'मधला अनुस्वार कोणी काढत नाही, मग 'संस्कृतींचा'मधला का काढावा?

पण मुद्रितशोधकाची अडचण व्याकरणाची नव्हतीच. त्याच्या डोक्यात 'सुसंस्कृत'मधली संस्कृती असणार. ती एकच असते, कोणाकडे जास्त आणि कोणाकडे कमी. गंमत म्हणजे मानवशास्त्राची सुरुवातही जवळपास तिथूनच झाली. इंग्रज मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरने 1871 साली केलेली संस्कृतीची व्याख्या अजूनही परीक्षेत विचारतात: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो, त्या सगळ्याची गुंतागुंतीची समग्रता. व्याख्या उदार आहे, प्रत्येक माणसाला संस्कृती बहाल करते. पण टायलरची संस्कृती एकवचनी. सगळी मानवजात एकाच जिन्यावर, कोणी खालच्या पायरीवर, कोणी वरच्या. आणि वरची पायरी अर्थातच त्याच्या स्वतःच्या समाजाची.

हा जिना मोडला मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने. 1887 साली त्याने अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या मांडणीवर वाद घातला. तिथे वेगवेगळ्या जमातींची वाद्यं एका कपाटात, हत्यारं दुसऱ्यात, अशी साध्याकडून प्रगताकडे लावलेली असत. बोआसचं म्हणणं असं की एका जमातीच्या सगळ्या वस्तू एकत्र ठेवा, नाहीतर त्या वाद्याचा तिथल्या लोकांच्या जगण्यात अर्थ काय, हे कधीच कळणार नाही. प्रत्येक समाजाची संस्कृती तिच्या स्वतःच्या इतिहासातून घडते, हा विचार यातून पक्का होत गेला आणि मानवशास्त्रात अनेकवचन रुजलं. तुमच्या शीर्षकातला अनुस्वार थेट या परंपरेतला आहे.

विदर्भापुरतं बोलायचं तर तो अनुस्वार काढणं वस्तुस्थितीलाही धरून नाही. गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा, तर मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. 'आदिवासी संस्कृती' असं एकवचन वापरलं की गोंड, कोलाम आणि कोरकू एकाच गाठोड्यात बांधले जातात. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवलेल्या नागपुरात तरी हे होऊ नये!

मात्र अनेकवचनालाही खोट आहे. 'संस्कृती' मोजता येऊ लागल्या की त्या कुंपण घातलेल्या वावरांसारख्या वाटू लागतात. तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळी आणि पिवळी मारबत म्हणजे मोठे पुतळे मिरवणुकीने निघतात, त्या मारबतीची गोष्ट घ्या. टायलरने तिला जुन्या श्रद्धेचा अवशेष म्हटलं असतं. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने विचारलं असतं की ही मिरवणूक लोकांची कोणती गरज भागवते. माणूस स्वतःच विणलेल्या अर्थांच्या जाळ्यात अडकलेला प्राणी आहे, असं 1973 साली मांडणारा मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झ बडग्यांच्या, म्हणजे मारबतीसोबतच्या पुरुषी पुतळ्यांच्या, गळ्यातल्या पाट्या वाचत बसला असता. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' या जुन्या आरोळीसोबत महागाई आणि भ्रष्टाचारही जाळायला निघतात, म्हणजे ईडापीडेचा अर्थ दरवर्षी नव्याने लावला जातो. ही मिरवणूक कोणत्या एका संस्कृतीच्या खात्यात टाकायची? मला तरी सांगता येणार नाही.

यावर मुंबईत जन्मलेले मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी 1996 साली व्याकरणातलाच उपाय सुचवला: 'संस्कृती' हे नाम बाजूला ठेवा आणि 'सांस्कृतिक' हे विशेषण वापरा, म्हणजे ती वस्तू न राहता माणसामाणसांमधले फरक समजून घेण्याची रीत होते. मला हे पटतं. पण मराठीत पंचाईत अशी की 'सांस्कृतिक' म्हटलं की आपल्याला भाषणं संपल्यावरची नाचगाणी आठवतात. 'विदर्भातील आदिवासींचा सांस्कृतिक अभ्यास' असं शीर्षक दिलंत तर कोणी तरी तुम्हाला स्नेहसंमेलनाची तारीख विचारेल.

तेव्हा तुमचं शीर्षक आहे तसंच राहू द्या. फक्त आतल्या प्रकरणांत 'संस्कृतीसंपर्क' असं कुठे लिहिलं असेल तर तिथे 'ती' हे अक्षर ऱ्हस्व करा. तत्सम इकारान्त शब्द सुटा असताना दीर्घ लिहितात, समासात आधी आला की ऱ्हस्व: संस्कृतिसंपर्क, संस्कृतिसंघर्ष. तिथे मुद्रितशोधकाने लाल शाई वापरली तर त्याचं ऐका.