आधी सप्ताहाची वही बघा, मग पुढचं ठरवा

तुमचा प्रश्न नीट वाचला. औसा तालुक्यातलं गाव, तुम्ही दहा-बारा जण पुण्यात नोकरीला, दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढायची तयारी. पण गावात दोन गट, ग्रामसभा कागदावरच होते, आणि मागं हौसेनं लावलेली झाडं पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेली. आता सुरुवात नेमकी कुठून करावी, असं विचारलंय. मी अंबाजोगाई तालुक्यातला. पाण्याचं, ग्रामपंचायतीचं आणि बचत गटांचं काम बरीच वर्षं जवळून बघितलंय, केलंय, त्यावरून सांगतो.

पहिलं म्हणजे पैसे घेऊन गावात जाऊ नका. निदान पहिलं वर्षभर तरी. बाहेरून पैसा आला की गाव एकच विचारतं, कुणाच्या हातात दिला? तुम्ही ज्याच्या हातात द्याल तो तुमचा गट ठरतो आणि उरलेलं अर्धं गाव तिथंच बाजूला होतं.

गावात एकी नाही असं आपण सहज म्हणतो. पण तुमच्याकडं अखंड हरिनाम सप्ताह होत असेलच. तो कसा उभा राहतो ते एकदा बारकाईनं बघा. घरटी पट्टी ठरते. कुणी गहू देतं, कुणी तेलाचा डबा, कुणी एका दिवसाची पंगत उचलतं. मंडप, आचारी, कीर्तनकारांची उतरायची सोय, पाण्याचा टँकर, वाढणारी पोरं, सगळं नेमून दिलेलं असतं. निवडणुकीत एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका पंगतीत बुंदी वाढत फिरतात. आणि काल्याच्या कीर्तनानंतर जमाखर्च माइकवर वाचला जातो. कुणाचे किती आले, कुणाची पट्टी राहिली, शिल्लक किती आणि ती कुणाकडं ठेवली, सगळं.

ती वही मागून घ्या. ज्यांच्याकडं शिल्लक ठेवायला दोन्ही गट तयार होतात, ती चार-पाच माणसं तुमच्या कामाची. बहुतेक वेळा ती सरपंचही नसतात आणि माजी सरपंचही नसतात. एखादे माळकरी, एखादे निवृत्त गुरुजी, एखादा किराणा दुकानदार. आधी त्यांच्या घरी जाऊन बसा. गावकाम पैशावाचून अडतं त्यापेक्षा हिशेब चारचौघांत वाचला नाही म्हणून जास्त वेळा मोडतं, हे माझं ठाम मत आहे. तुमचं कुठलंही काम असो, ती सप्ताहाची पद्धत जशीच्या तशी उचला: घरटी थोडी का होईना पट्टी, नेमून दिलेली कामं, आणि शेवटी माइकवर जमाखर्च.

पहिलं काम म्हणून झाडं नकोत. मार्च ते जून पाणी कोण घालणार याचं नावानिशी उत्तर मिळेपर्यंत रोपाला हात लावू नका. शाळेला संगणक, कमान, बाकडी हेही नको. मी शोषखड्ड्यांपासून, म्हणजे घरचं सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांपासून, सुरू करायला सांगेन. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर शोषखड्डे घेऊन गावातल्या गटारी आणि डास हटवले. पुढं तेच काम नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर गेलं. सुमारे चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवतीनं दगड-गोटे. न्हाणीचं आणि भांड्याचं पाणी त्यात सोडायचं. काळी माती खोल असेल तिथं मात्र मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तुंबतो. विहीर, हातपंप यांच्यापासून लांब घ्यायचा. जागा ज्याची त्याची, खड्डा त्यानंच खणायचा, टाकी सामाईक पट्टीतून. एका आळीतला चिखल आणि डास कमी झाले की शेजारची आळी आपणहून विचारायला येते. यात गट आडवा येत नाही, कारण डास दोन्ही गटांना चावतात.

आता ग्रामसभा. कायद्यानं वर्षाला किमान 4 सभा घ्याव्या लागतात आणि त्या साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांना धरल्या जातात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बारा जण बसून वर्षभराचं ठरवून मोकळे होतात. कागदावरची ग्रामसभा म्हणतात ती अशी घडते. म्हणून पहिल्याच सभेला माणसं जमवणं, एवढं एकच काम तुम्ही केलं तरी खूप झालं. तुमचं मतदार यादीतलं नाव अजून गावातच असेल तर तुम्ही स्वतः ग्रामसभेचे सदस्य आहात, पुण्यात राहत असलात तरी. विषय आधी लेखी द्या, पोच घ्या. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही बघता येतो, तो छापून पारावर लावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. म्हणजे शोषखड्ड्याला पैसा नाही असं कुणी म्हणालं, तर त्या वर्षांचा खर्च पोर्टलवर काढून दाखवता येतो. आवाज चढवू नका, नुसता कागद पुढं ठेवा.

आमच्याकडं बीड जिल्ह्यात एक गोष्ट मला नेहमी खुपते. ऊसतोडीच्या गावांत 26 जानेवारीला निम्म्या घरांना कुलूप असतं. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. म्हणजे ज्यांना गावात कामाची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याविनाच ठराव होतात. तुमच्या गावातूनही कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, जात असतील तर महत्त्वाचे विषय 2 ऑक्टोबरला आणि 1 मेला घ्या. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह सुरू करायची मागणी शाळा व्यवस्थापन समितीतून टोळ्या निघायच्या आधीच गेली पाहिजे. त्या समितीत 75 टक्के पालक असतात, ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा ताकदीची आहे.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात शेवटी सगळं तिथंच येतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, राज्यात तीनच तालुक्यांत झाली, त्यात आमचा अंबाजोगाई होता. तेव्हाचं एक चित्र सांगतो. दोन काठ्या, त्यांना बांधलेली पारदर्शक नळी, नळीत पाणी. हायड्रोमार्कर म्हणतात त्याला. एक बाई उताराच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. दोन्ही काठ्यांवर पाण्याची रेघ सारखी आली की दोन्ही जागा एका पातळीत, मग तिसरी तिथं चर खणायची खूण म्हणून फक्की (पांढरी भुकटी) टाकणार. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं, म्हणून आधी बोटानं टिचक्या मारून तो वर काढायचा. ज्यांना गावात कधी कुणी मत विचारलं नव्हतं त्या बायका शेताच्या मालकाला सांगत होत्या, दादा, तुमचा चर वाकडा चाललाय, पाणी फुटंल. आणि मालक ऐकत होता. त्या गावांत पुढं जे टिकलं ते याच बायकांमुळं टिकलं, असं मला वाटतं.

काम माथ्यावरून पायथ्याकडं करायचं. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर (एकाच पातळीत उताराला आडवे खणलेले), मग शेतांची बांधबंदिस्ती, नाल्याला सगळ्यात शेवटी हात. पुष्कळ गावं उलटं करतात, कारण पोकलेनचा फोटो चांगला येतो. नाला गरजेपेक्षा खोल केला की वरच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं आणि वरचे शेतकरी नाराज होतात. जालन्याजवळचं कडवंची जाऊन बघा. 1990 च्या दशकात तिथं इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम झालं, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारानं. पुढं शेततळी आली, द्राक्षबागा आल्या. पाण्याच्या कामासाठी गाजलेल्या हिवरे बाजारची सहल सगळेच करतात, पण कडवंचीचा पाऊस आणि माती आपल्या जवळची आहे.

पाणी वाढल्यावर काय, हे काम सुरू करायच्या आधीच ठरवा. हिशेब सोपा आहे. एका हेक्टरवर 100 मिमी पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. पाटपाण्यावर एक हेक्टर उसाला सुमारे 2 कोटी लिटर लागतं, म्हणजे 2000 मिमी पावसाइतकं. आपला वर्षाचा पाऊस त्याच्या निम्माही नाही. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवा, पोरांना रोज फळ्यावर आकडा लिहू द्या आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रब्बीला किती पाणी उरलंय ते वाचून दाखवा. हाही जमाखर्चच आहे.

बायकांना सोबत घ्या असं कुणीही सांगेल, पण कसं ते महत्त्वाचं. तुमच्याच तालुक्यातल्या किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात महिला मंडळांच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून शेकडो गावांत उभ्या राहिल्या. घर कसं बांधायचं, पैसा कुठं गेला, हे त्या विचारायच्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं ते घडवलं. तुमच्या गावातल्या साठीच्या पुढच्या काही जणींना ते आठवत असेल, त्यांना गाठा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. ती बचत गटाच्या बैठकीला जोडून घ्या, दुपारी, स्वयंपाकाची वेळ टाळून. तिथला ठराव लेखी येऊ द्या आणि ग्रामसभेत पुरुषानं नव्हे, बाईनंच वाचावा.

तुमच्या पैशाचं सांगायचं राहिलं. ते पुण्यातच एका खात्यात साठू द्या. शोषखड्ड्यांचा एक हंगाम पार पडला, माइकवर हिशेब वाचून झाला आणि गावानं स्वतःची पट्टी काढली, की जेवढं गाव घालेल तेवढंच तुम्ही घाला. त्याआधी, येत्या सुट्टीत गावाला जाल तेव्हा मातीचा खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघा आणि इथं लिहा, म्हणजे टाकीचं माप आणि दगडाचा अंदाज मी सांगतो.