साडेतीन वर्षांच्या मुलाला आकार गिरवून, रंगवून अंक आणि मोजणी शिकवता येते का?

येते, पण गिरवल्याने अंकाची ओळख होते, मोजणी येतेच असं नाही. ती येते प्रत्येक आकाराला एकच आकडा तोंडाने म्हटल्याने. मी कोल्हापुरात बालवाडीवर शिकवते. "एक ते वीस पाठ आहे" असं पालक कौतुकाने सांगतात आणि समोर पाच चिंचोके ठेवले की पोरगं सात मोजतं! म्हणून कागदावर तीनच गोल काढा. एक रंगवला की "एक", दुसरा रंगवला की "दोन", तिसऱ्याला "तीन". मग विचारा, "किती झाले?" मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या हे अजून उमगलेलं नाही. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची जी पाच तत्त्वं मांडली, त्यांतलं हे एक. ते पक्कं झालं की शेजारी ३ गिरवायला द्या. त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर ठिपके देऊन मोजायला लावलं तरी चालतं. गिरवणं आधी बोटाने, ताटलीत पसरलेल्या रव्यावर (रांगोळी नको, हात डोळ्याला जातो). पेन्सिल घाईने हातात देऊ नका, या वयात बोटांत तेवढी ताकद नसते. आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर दोन्ही लिप्यांतले अंक एकदम गिरवायला देऊ नका. आपला ४ आणि इंग्रजी आठ यांत हमखास गोंधळ होतो.