'अफरातफर' या शब्दाचा अर्थ व उगम काय? पैसे खाण्यालाच अफरातफर का म्हणतात?

हा शब्द मूळचा अरबी असून तो फारसीमार्फत आपल्याकडे आला. 'इफ्रात' म्हणजे प्रमाणाबाहेर वाढ आणि 'तफ्रीत' म्हणजे उणेपणा, हयगय. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून झाले असून जोडीने त्यांचा अर्थ 'कमीजास्त होणे' असा होतो. हिंदी-उर्दूत या जोडीला 'गोंधळ, पळापळ' असा अर्थ चिकटला, तर मराठीत ती हिशेबाच्या वहीत जाऊन बसली. म्हणूनच आमच्या विदर्भात, जिथे हिंदी रोज कानावर पडते, 'बाजारात अफरातफरी माजली' आणि 'सोसायटीत अफरातफर झाली' ही दोन्ही वाक्ये एकाच पारावर ऐकू येतात आणि कोणाचाही घोटाळा होत नाही.

चोरीहून हा शब्द वेगळा आहे. गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या साठा नोंदवहीत युरियाची 40 पोती लिहिलेली असावीत, गोदामात मोजल्यावर 33 भरावीत आणि किल्ली मात्र सांभाळणाऱ्याच्याच कमरेला असावी, तर ती अफरातफर. रात्री कुलूप तोडून बाहेरच्याने तीच 7 पोती नेली तर ती चोरी. विश्वासाने हाती सोपवलेल्या मालात किंवा रकमेत केलेली लबाडी हा या शब्दाचा गाभा होय. सरकारी कागदांत त्यासाठी 'अपहार' हा संस्कृत शब्दही येतो. पण वहीतला आकडा फुगवणे आणि गोदामातला माल घटवणे या दोन्ही हालचाली ज्यात एकदम दिसतात, तो शब्द माझ्या मते अफरातफर हाच.