भारतात असं काय आहे, की पाहुण्याला यावंसं आणि आपल्याला राहावंसं वाटावं?

तुमच्या ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्याने विचारलं, "तुझ्या देशात यावं असं काय आहे?" ताजमहाल, हिमालय, गोवा एवढं सांगून झाल्यावर तुम्हाला पुढे काही सुचेना. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, "आणि तिथे राहणाऱ्यांना तो देश का आवडतो?" दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे, म्हणून लिहायला बसलो.

वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या पाण्याची, जेवणाची आणि पाठ टेकण्याची सोय करणं हे या देशात मोठं पुण्याचं काम समजतात, आणि ते काम कुणी ना कुणी दोन हजार वर्षं करत आलं आहे. डोंगर, समुद्र, जुन्या इमारती पुष्कळ देशांत आहेत. पण खिशात बेताचे पैसे, भाषा येत नाही, कुणाची ओळख नाही, असा माणूस देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो आणि उपाशी राहत नाही, हे मला आपलं खरं वैभव वाटतं.

दोन हजार वर्षं हा आकडा मी उगाच फेकलेला नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. उषवदात हा पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने काय काय दान केलं याची यादीच तिथे कोरली आहे. भरुकच्छ, दशपूर (आजचं मंदसौर), नाशिकजवळचं गोवर्धन आणि शूर्पारक इथे चौसोपी विश्रामगृहं बांधली, विहिरी आणि तळी खोदली, बागा लावल्या. पार, दमणगंगा, तापी, डहाणूची नदी अशा नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या. आणि त्याच नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसायला निवारे आणि पाणपोया केल्या. दोन्ही तीरांवर! नावेची वाट बघणाऱ्यालाही तहान लागते आणि उतरलेल्यालाही लागते, इतका बारीक विचार त्यात आहे.

शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा आणि भरुकच्छ म्हणजे भरूच. पश्चिम रेल्वेने नालासोपाऱ्याहून भरूचला गेलात तर डहाणू, दमणगंगा, पार, तापी हे सगळं वाटेत लागतं. मला त्या गाडीत बसलं की दर पुलावर ही यादी आठवते. आणखी एक गोष्ट तुमच्या सहकाऱ्याला जरूर सांगा. हा उषवदात शक होता, म्हणजे वायव्येकडून आलेल्या लोकांपैकी. बाहेरून आलेल्या घराण्यातला माणूस इथे रुजला आणि इथल्या वाटसरूंसाठी नावा ठेवू लागला.

हे सगळं मला जवळचं वाटतं याचं कारण मी नांदेडचा. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडलाच देह ठेवला. पुढे महाराजा रणजितसिंगांनी गोदावरीकाठी तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याची वास्तू उभारली. त्यामुळे पंजाबपासून दोन हजार किलोमीटरवरच्या, कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्यात बारा महिने पगडीवाले पाहुणे. आमच्या गावात कित्येक पिढ्या राहिलेले दखनी शीख आमच्याइतकंच ठसकेबाज मराठी बोलतात. शाळेत असताना माझ्या घरचं जेवण आणि लंगर (गुरुद्वाऱ्यातलं सगळ्यांसाठीचं मोफत जेवण) यांत मला फारसा फरक वाटत नसे. भूक लागली की दोन्हीकडे जाता येत असे.

लंगर ज्याने पाहिला नाही त्याला तो नीट सांगणं अवघड आहे. तुम्ही आत जाता, कुणी नाव विचारत नाही, कुठून आलात हेही विचारत नाही. खाली पंगतीत बसता. तुमच्या एका बाजूला लुधियान्याचा ट्रकचालक, दुसऱ्या बाजूला भोकरहून बाजारला आलेली आजी, समोर एखादी परदेशी मुलगी. डाळ, पोळी, भाजी, कधी खीर. वाढणाऱ्यांत कॉलेजची पोरं असतात आणि मोठाल्या मोटारींतून उतरलेले कारखानदारही. भांडी घासायला बसलेल्यांत कोण कोण आहे हे तर ओळखूच येत नाही. २००८ साली गुरुतागद्दीला, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याला, तीनशे वर्षं झाली, तेव्हा लाखो लोक नांदेडला आले. आमच्या गल्लीतल्या घराघरांनी दारात पाण्याची पिंपं भरून ठेवली होती. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते. तिचे नेहमीचे प्रवासी घरून रिकामी ताटं आणि डबे घेऊन निघतात, कारण वाटेतल्या काही स्टेशनांवर स्थानिक गुरुद्वाऱ्यांची माणसं बादल्या घेऊन उभी असतात. गाडी थांबली की खिडक्यादारांतून खिचडी, छोले, कढी-भात. जनरलचा डबा आणि एसीचा डबा यांत ते भेद करत नाहीत. तुमच्या सहकाऱ्याला भारतात एकच रेल्वेप्रवास करता येणार असेल, तर माझ्या मते तो राजेशाही गाड्यांऐवजी या गाडीने करावा.

हीच रीत आषाढीच्या वारीत दिसते. आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. वाटेवरचं गाव स्वतः दुष्काळात असलं तरी वारकऱ्याला पिठलं-भाकरी घातल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. कुणी फुकट चपला शिवून देतो, कुणी दाढी करून देतो, कुणी पाय चेपतो. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, तुम्हालाही ठाऊक असेल.

आता राहणाऱ्यांचं. पाहुणा चार दिवसांनी जातो, पण आपल्याला इथे धीर कशाचा वाटतो? मला तो दादरला कळला. मावशीला कॅन्सर झाला आणि परळच्या टाटा रुग्णालयात उपचार ठरले. मुंबईत आमचं कुणी नव्हतं, लॉजचं भाडं महिनोन्‌महिने परवडणारं नव्हतं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना नाममात्र दरात राहायला मिळतं. तिथे बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ असे सगळीकडचे लोक होते. कुठला कागद कोणत्या खिडकीवर लागतो, कोणत्या दिवशी गर्दी कमी असते, केमोनंतर तोंडाला चव नसताना काय खाववतं, हे सगळं आम्हाला तिथल्याच लोकांनी शिकवलं. एका बंगाली काकूंनी मावशीला मऊ भात रांधून घातला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आणि ज्यांच्या नावाने ती जागा उभी आहे ते गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या, हातात खराटा घेऊन फिरणारे, अक्षरओळख नसलेले. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत ऐसपैस राहिले नाहीत. त्यांच्या आधी अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, स्वतःच्या राज्याच्या हद्दीबाहेर. ज्या प्रवाशाकडून कधी एक पैसा कर मिळणार नाही, त्याच्यासाठी.

इथे थांबलो तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. या पाणपोया आणि धर्मशाळा सगळ्यांना खुल्या नव्हत्या. गाडगेबाबांना पंढरपुरात वेगळी चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली, कारण दलित वारकऱ्याला इतर ठिकाणी थारा नव्हता. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना वापरू द्याव्यात. तरी महाडचं चवदार तळं बंदच राहिलं, आणि २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह तिथलं पाणी पिऊन तो हक्क बजावला. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द स्पष्ट घातले गेले. मी ते कलम वाचलं तेव्हा मला पांडवलेण्यातली यादी आठवली. विहिरी, तळी तीच, पण उषवदाताच्या काळी ते दान होतं आणि आता तो नागरिकाचा हक्क आहे. मला हा देश आवडतो तो या दोन्हींसाठी, आणि दुसऱ्यासाठी थोडा अधिक.

हे काम अजून पुरं झालेलं नाही. वाटसरूला आपण चहा लगेच पाजतो, पण तोच माणूस शेजारी राहायला आला की त्याचं आडनाव विचारतो. माझ्या मुसलमान वर्गमित्राला पुण्यात उत्तम पगार असूनही भाड्याचं घर मिळायला कित्येक महिने लागले; फोनवर होकार, नाव सांगितलं की नकार. माझी बहीण एकटी फिरते. तिचं म्हणणं, जेवणाची चिंता कधीच नसते, रात्रीचं बसस्टँड आणि स्वच्छतागृह यांची मात्र असते. तुमच्या सहकाऱ्यासोबत त्याची बायको किंवा मुलगी येणार असेल, तर हे आधीच मोकळेपणाने सांगा आणि रात्री उशिरा पोचणाऱ्या गाड्या टाळा.

तो यायचा ठरलाच तर हिवाळ्यात बोलवा. मुंबईहून नाशिकला उतरून सकाळी लवकर पांडवलेणी चढा, ऊन झालं की पायऱ्या जड जातात. पुढे रेल्वेने मनमाडमार्गे नांदेड. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला रुमाल लागतो आणि चपला बाहेर ठेवायच्या. लंगरमध्ये पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. हवं तेवढंच मागा, ताटात टाकू नका. नंतर तासभर भांडी घासायला बसलात तर कुणी अडवणार नाही. सचखंडचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं आणि लवकर भरतं, तेवढं तारीख लावून करा. ताट मात्र त्याला इथलंच घेऊन द्या, नांदेडच्या बाजारात स्टीलचं चांगलं मिळतं.