फायनान्स हेड झाल्यावर टीम कशी बांधायची?

तुम्ही लिहिलंय, सीए होऊन १२ वर्षं झाली, गेल्या महिन्यात एका उत्पादन कंपनीत फायनान्स हेड झालात. हाताखाली ९ जण, त्यातले ४ पुरुष तुमच्याहून वयाने मोठे. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण मागे 'बाई म्हणून बसवलंय' असं चालतं. आणि महिनाअखेरीला सगळं काम शेवटी तुमच्याच अंगावर येतं.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण मी तिथेच चुकले होते.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी फायनान्स हेड झाले. पहिल्याच मार्च क्लोजिंगला, म्हणजे वर्षाचे हिशेब बंद करताना, ठरवून टाकलं, एकही आकडा चुकता कामा नये, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. प्रत्येक व्हाउचर स्वतः तपासत रात्री अकरापर्यंत बसायचे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ऑडिटरने मोठ्या ग्राहकाकडून बॅलन्स कन्फर्मेशन (त्यांच्या वहीत आमची बाकी किती, याचं लेखी उत्तर) मागवलं आणि त्यांच्या-आमच्या खात्यात ४१ लाखांचा फरक निघाला. ग्राहकाने ऑक्टोबरपासून भाव कमी केला होता. रेट डिफरन्सच्या डेबिट नोटा, म्हणजे भावातल्या फरकाची रक्कम कापल्याच्या चिठ्ठ्या, रीतसर आल्या होत्या आणि आमच्याच ऑफिसात एका बॉक्स फाइलमध्ये पडून होत्या. येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, बघणाऱ्या मुलीला हे जानेवारीतच कळलं होतं. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "मॅडम, दोनदा आले होते केबिनपाशी. तुम्ही कामात होता."

जानेवारीत कळलं असतं तर ग्राहकाच्या परचेसशी बोलता आलं असतं, वेळेवर तरतूद झाली असती, दर महिन्याला बँकेला जाणारं स्टॉक आणि येण्यांचं स्टेटमेंट बरोबर गेलं असतं. कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाची, उचल त्याच स्टेटमेंटवर ठरते, हे तुम्हाला सांगायला नकोच. एप्रिलमध्ये बोर्डापुढे उभं राहून फक्त चूक कबूल करता आली.

तेव्हापासून फायनान्सची टीम कशी आहे हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते. वाईट बातमी वरपर्यंत किती दिवसांत पोचते? तुमच्याकडे ती महिनाअखेरीला पोचत असेल, तर सगळं तुमच्या अंगावर येणारच.

मी एक साधी रेघांची वही आणली. दर मंगळवारी सकाळी ११ वाजता सगळे माझ्या केबिनबाहेरच्या टेबलाभोवती १५ मिनिटं उभे राहतात आणि प्रत्येक जण न जुळणारी एक गोष्ट सांगतो. सस्पेन्समध्ये (कशाची ते न कळलेल्या नोंदींच्या खात्यात) पडलेली रक्कम, माल आलाय पण बिल नाही, जीएसटी २बी मध्ये (पोर्टलवरच्या खरेदीवरील कराच्या यादीत) न दिसणारं क्रेडिट, काहीही. वहीत तारीख, रक्कम आणि कुणाकडे अडलंय एवढंच लिहायचं, कुणामुळे अडलं हे लिहायचं नाही. पहिले दोन मंगळवार कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या मंगळवारी मी माझीच चूक सांगितली. एका मशिनरीच्या आगाऊ रकमेचं वर्गीकरण मी चुकीचं मंजूर केलं होतं. मग ती येण्यांवाली मुलगी बोलली, मग स्टोअर्सचं बघणारा. कुणी वाईट बातमी आणली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बरं झालं सांगितलंस." आत कितीही धस्स झालं तरी. हे सोपं नाही, पण एकदा जरी आवाज चढला तर वही पुन्हा कोरी राहते.

आता तुमच्याहून मोठ्या माणसांबद्दल. आमच्याकडे जे सर्वांत जुने होते त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. सेल्स टॅक्स, व्हॅट, एक्साइज असं सगळं त्यांनी हाताने केलेलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कंपनीची गाडी त्यांनीच रुळावर ठेवली होती. ही जागा आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं नाही, त्यांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले आणि सरळ म्हटलं, "अण्णा, ही जागा तुम्हाला मिळेल असं तुम्हाला वाटत होतं. वाईट वाटलं असणार." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खालच्या कप्प्यातून एक फाइल काढली. एका जुन्या एक्साइज प्रकरणाची होती, मला तिचा पत्ताही नव्हता. "हे तुम्हाला माहीत असायला हवं," म्हणाले.

त्यांना मी स्टॉक मोजणी आणि सगळी वैधानिक कामं पूर्णपणे सोपवली. त्यात निर्णय त्यांचा. मात्र पैसे पाठवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, आणि सप्लायरचा बँक खाते क्रमांक बदलायचा तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, हे नियम अण्णांनाही लागू आणि मलाही. वयाचा मान बोलण्यात पूर्ण ठेवा. सहीच्या अधिकारात तो आणू नका, नाहीतर तरुणांना वाटतं, नियम फक्त आपल्यालाच.

मीटिंगची वेळ बघा. आमची जनरल शिफ्टची बस ६ ला सुटते. आधीच्या साहेबांच्या काळात क्लोजिंगची बैठक ६ नंतर व्हायची, म्हणजे बायका एकतर बस सोडायच्या किंवा बैठक. मग बढतीच्या वेळी 'त्या थांबत नाहीत' असा शेरा यायचा. मी बैठक सकाळी आणली, खर्चाची बिलं २५ तारखेला बंद केली, उरलेल्याची अंदाजे तरतूद करायची असं ठरवलं. पूर्वी १२ तारखेला हातात येणारे आकडे आता पाचव्या कामाच्या दिवशी येतात.

बाळंतपणाच्या रजेबद्दलही सांगते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण खरी कसोटी ती परत येते त्या दिवशी असते. आमची एक हुशार सहकारी परत आली तेव्हा तिला त्रास नको म्हणून मी हलकं काम दिलं. महिन्याभराने तिने विचारलं, "माझं कॉस्टिंग (उत्पादन खर्च काढायचं काम) मला परत कधी मिळणार?" मला फार लागलं ते. आता रजेवर जातानाच लिहून ठेवतो, कोणतं काम तात्पुरतं कुणाकडे आणि परत कधी. अरुंधती भट्टाचार्य २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी मुलं किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी महिला कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत रजेची सोय केली. आपण एवढी मोठी रजा देऊ शकणार नाही, पण परतणारीचं काम तिच्यासाठी राखून ठेवू शकतो.

'बाई म्हणून बसवलंय' याबद्दल थोडंच. २०१३ च्या कंपनी कायद्यातली महिलेची अट संचालक मंडळासाठी आहे, फायनान्स हेडच्या खुर्चीसाठी तशी कुठलीही अट नाही. तुम्ही कामावर आलात. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर बँक काढायचा अर्ज केला तेव्हा बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. त्या लिहायला-वाचायला शिकून परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलावरचं व्याज विचारा. १९९७ मध्ये परवाना मिळाला, माणदेशी बँक उभी राहिली. मला ही गोष्ट आवडते, कारण त्या एकट्यादुकट्या नव्हत्या, गटाने गेल्या होत्या.

शेवटचं एक. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम बँकांसाठी आहे. तो आम्ही आपणहून घेतलाय आणि पहिली रजा मी घेतली. दहा दिवसांत तुमच्यावाचून काय अडलं याची यादी अण्णांसारख्या कुणाकडून करून घ्या. माझ्या यादीत १४ कामं निघाली. त्यातली ११ आज दुसऱ्यांकडे आहेत.